नमनाला घडाभर तेल

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या पेठेत फ्लेक्सचे दुकान शोधायला पत्ता लागत नाही. वाढदिवस, सिद्धनाथाची रथयात्रा, नगरपालिकेची निवडणूक, दहावीचा निकाल, कुणाचे पुण्यस्मरण. निमित्त कोणतेही असो, चौकात फलक लागतो आणि त्याआधी तो एखाद्या अरुंद गाळ्यातल्या संगणकावर तयार होतो. गाळ्यातला ऑपरेटर सकाळी आल्या आल्या दोन प्रोग्रॅम उघडून ठेवतो, कोरल आणि फोटोशॉप. फोटोशॉपच्या चिन्हावर दोनदा क्लिक केले की पडद्याच्या मधोमध एक चौकट उमटते. तिच्यात चित्र असते, आवृत्तीचे नाव असते, बारीक अक्षरांत माणसांच्या नावांची रांग असते आणि एक ओळ भराभर बदलत असते: सेटिंग वाचली जात आहेत, फॉन्ट वाचले जात आहेत, ब्रश वाचले जात आहेत. मराठी फलक करणाऱ्याच्या संगणकात देवनागरीचे शेकडो फॉन्ट ठासून भरलेले असतात. त्यामुळे फॉन्टची ओळ आली की चौकट रेंगाळते. ऑपरेटरला ते ठाऊक असते, तो तोवर चहा सांगतो. एरवी झटकन निघून जाणाऱ्या ओळीवर चौकट अडून बसली, तर मात्र तो सावध होतो. काल नव्याने टाकलेले काहीतरी बिघडलेले असणार.

या चौकटीला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. प्रोग्रॅम पूर्ण उघडण्याआधी दिसणारा आणि तो उघडला की आपोआप जाणारा पडदा, एवढीच तिची ओळख. मोबाइलवर तिचे रूप आणखी साधे असते: एकरंगी पार्श्वभूमी आणि मधोमध कंपनीचे चिन्ह. दिवसभरात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोरून जाणारा हा पडदा असावा की नसावा, याबद्दल संगणकाच्या जगात जुना वाद आहे. एका पक्षाच्या मते ही निव्वळ जाहिरात आहे. माणूस कामासाठी आला आहे, त्याला दारात उभे करून आपल्या नावाची पाटी वाचायला लावण्यात काय अर्थ? दुसरा पक्ष म्हणतो, प्रोग्रॅम उघडायला वेळ लागणारच असेल, तर कोऱ्या पडद्यापेक्षा काहीतरी दाखवलेले बरे. नाहीतर माणसाला वाटते की क्लिक लागलेच नाही आणि तो पुन्हा पुन्हा क्लिक करत बसतो.

पाटीचा अपमान करण्याआधी तिचा एक उपकार मात्र नोंदवायला हवा. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली मॅकिन्टॉशवर आली. तेव्हापासून टॉमस नॉल आणि जॉन नॉल या भावांच्या नावाबरोबर ते घडवणाऱ्या इतरांची नावेही या चौकटीत येत राहिली. त्यात एक नाव होते सीतारामन नारायणन. जगभरच्या चित्रकारांनी, छपाईवाल्यांनी आणि छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे हे लांबलचक नाव वाचले, कारण त्या काही सेकंदांत वाचण्यासारखे दुसरे काही नव्हते. हा माणूस कोण याचे कुतूहल इतके वाढले की त्याचे चाहते तयार झाले. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस एरवी कुणाला दिसत नाही. चित्रपटाला श्रेयनामावली असते, पुस्तकाला मुखपृष्ठ असते. सॉफ्टवेअरच्या कारागिराला तेवढी जागा बहुतेक या चौकटीतच मिळाली.

सांगलीचा पूर्वरंग

मुख्य खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षकाला गुंतवून ठेवण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. म्हसवडच्या दक्षिणेला, सांगलीत, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांच्या खेळात सीता काही पहिल्या क्षणी येत नसे. आधी सूत्रधार आणि त्याचे साथीदार मंगलाचरण म्हणत. मग विदूषक येई आणि सूत्रधाराशी त्याची झकाझकी होई. मग गणपती येई, त्याची स्तुती होई. त्यानंतर सरस्वती नाचत येई. एवढे सारे झाल्यावर कथानकाला हात लागे.

या पूर्वरंगाने बरीच कामे साधत. उशिरा येणाऱ्याला जागा मिळे, गोंगाट शमे, आणि साहजिकच आत रंगपटात राम-रावणांना शेवटचा हात फिरवायला सवड मिळे. प्रेक्षकाला आत काय चालले आहे ते दिसत नसे, पण बाहेर जे चालले आहे त्यावरून खेळ होणार याची खात्री पटत असे. स्प्लॅश स्क्रीनच्या बाजूने बोलणारे लोक नेमके हेच सांगतात.

फरक एवढाच, की भाव्यांच्या प्रेक्षकाने रात्र खेळासाठीच राखून ठेवलेली असे. भाजीच्या ढिगापुढे उभा राहून तीस रुपये द्यायला फोन काढणाऱ्या गिऱ्हाइकाजवळ रात्र नसते. मागे तिघे खोळंबलेले असतात. तिथे गणपती-सरस्वती नाचवणे म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

बोट टेकवल्यावर

त्या गिऱ्हाइकाने ॲपच्या चिन्हावर बोट टेकवले, की आत काय घडते? अँड्रॉइड फोन चालू होतो तेव्हा झायगोट नावाची एक प्रक्रिया तयार करून ठेवलेली असते. प्रत्येक ॲपला लागणारे सामाईक सामान तिने आधीच उचललेले असते. बोट टेकले की तिची एक प्रत काढली जाते आणि ती त्या ॲपची होते. मग साठवणीतून ॲपचा स्वतःचा कोड वाचला जातो. त्याच्यासोबत आलेली इतरांची सामग्री जागी होते: जाहिराती दाखवणारी, वापराची मोजदाद ठेवणारी, सूचना पाठवणारी. त्यानंतर पहिल्या पानाची मांडणी होते, अक्षरे आणि चित्रे जागच्या जागी बसतात आणि पहिले दृश्य रंगवले जाते. बोट टेकणे आणि हे दृश्य दिसणे यांच्यामधली जी फट, तीच स्प्लॅश स्क्रीनची जागा.

ही सारी उठाठेव दर वेळी होतेच असे नाही. ॲप नुकतेच वापरून बाजूला सारलेले असेल आणि स्मृतीत शाबूत असेल, तर ते लगेच पुढे येते. याला हॉट स्टार्ट म्हणतात. अर्धवट शिल्लक असेल तर वॉर्म, आणि पार शून्यातून उभे करावे लागले तर कोल्ड. गूगलने या तिन्हींसाठी सीमा आखून दिल्या आहेत: कोल्ड स्टार्टला ५ सेकंद, वॉर्मला २ सेकंद आणि हॉटला दीड सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर ॲप गरजेपेक्षा संथ समजावे.

आता यात म्हसवड आणि पुणे यांच्यातले अंतर कसे शिरते ते पाहण्यासारखे आहे. ज्याच्या फोनमध्ये बारा जीबी रॅम आहे त्याची पंधरावीस ॲप एकाच वेळी स्मृतीत पडून राहू शकतात. तो बँकेचे ॲप सकाळी उघडतो आणि दुपारी पुन्हा हात लावतो तेव्हा ते बरेचदा तयारच असते. दोन जीबी रॅमच्या फोनला ही चैन परवडत नाही. २०२१ मध्ये गाजावाजा करून आलेल्या जिओफोन नेक्स्टमध्ये रॅम दोनच जीबी होती. अशा फोनवर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल लागला किंवा यूट्यूब सुरू झाले, की जागा करण्यासाठी व्यवस्था मागच्या ॲपचा गळा दाबते. पैसे देण्यासाठी पुन्हा ॲप उघडावे तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यातून साठवण फोटोंनी आणि ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी गच्च भरलेली, आणि स्वस्त फोनची साठवण मुळातच संथ.

म्हणजे स्प्लॅश स्क्रीन सगळ्यांना सारखी दिसत नाही. महागडा फोन वापरणाऱ्याला ती अधूनमधून आणि क्षणभर दिसते. स्वस्त फोन वापरणाऱ्याला जवळपास दर वेळी आणि जास्त वेळ दिसते. तिच्या रंगरूपाचा निर्णय घेणारी मंडळी बहुतेक पहिल्या गटातली असतात. त्यांच्या डोळ्यांना ती सुबक, चटकन येऊन जाणारी झुळूक वाटते. माणदेशात तिचे वर्णन एका वाक्यात होते: ‘नुसतंच गोल गोल फिरतंय.’

तीन सेकंदांचा हिशेब

फोन संथ असेल तर थांबावे लागणारच, हे कुणीही समजून घेईल. पण काही ॲपमध्ये थांबण्याचे काहीही कारण नसताना थांबवले जाते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत नवशिक्यांसाठीच्या धड्यांमध्ये एक नुस्खा सर्रास सापडे: चिन्ह दाखवा, तीन सेकंदांचा गजर लावा, गजर वाजला की पहिले पान उघडा. त्या तीन सेकंदांत आत काहीही घडत नसे. पान कधीच तयार असे, पण गजर वाजेपर्यंत ते दाराआड उभे. चिन्हाचे दर्शन व्हावे एवढाच हेतू.

दिवसातून तीस वेळा ॲप उघडणाऱ्याचे यात रोज दीड मिनिट जाते. वर्षाचे नऊ तास होतात, म्हणजे मजुरीचा एक पूर्ण दिवस आणि वर तासभर.

असा हिशेब फार पूर्वी एकाने मांडला होता. १९८३ मध्ये मॅकिन्टॉशची जुळणी चालू असताना स्टीव्ह जॉब्सने लॅरी केनियन या अभियंत्याला गाठले आणि यंत्र सुरू व्हायला फार वेळ लागतो अशी तक्रार केली. केनियन कारणे सांगू लागला, तेव्हा जॉब्सने गुणाकार करून दाखवला. पन्नास लाख लोकांनी हे यंत्र रोज सुरू केले आणि प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले, तर रोज पाच कोटी सेकंद वाचतात. वर्षभरात माणसांची कित्येक आयुष्ये वाचवल्यासारखे होते. त्याच्या सहकाऱ्याने, अँडी हर्ट्झफेल्डने, ही हकिकत लिहून ठेवली आहे. पुढच्या काही महिन्यांत दहा सेकंदांहून जास्त वेळ खरोखर कमी झाला.

ॲपलची भूमिका पुढे फोनवरही तीच राहिली. आयफोनसाठी ॲप बनवणाऱ्यांना दिलेल्या सूचनांत कंपनी बजावते, की सुरुवातीचा पडदा म्हणजे ब्रँड मिरवण्याची जागा नव्हे. तो ॲपच्या पहिल्या पानासारखाच दिसावा, फक्त मजकुराविना. म्हणजे पडदा जाऊन पान आले हे माणसाच्या ध्यानातही येऊ नये. एवढेच नव्हे, उघडायला फारच वेळ लावणारे ॲप आयफोन स्वतःच बंद करून टाकतो.

गूगलने वेगळी वाट धरली. पूर्वी कोल्ड स्टार्टच्या वेळी बऱ्याच ॲपमध्ये कोरा पांढरा पडदा दिसे आणि त्यानंतर ॲपची स्वतःची स्प्लॅश स्क्रीन. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून हा पडदा व्यवस्थेनेच दाखवायचे ठरवले: मधोमध ॲपचे चिन्ह, मागे एक रंग, आणि पहिले दृश्य तयार झाले की पडदा बाजूला. चिन्ह हलवायचे असेल तर ते एका सेकंदाच्या आत आटपावे, अशी शिफारस केली. ज्या ॲपनी आपला जुना पडदाही तसाच ठेवला, त्यांच्यात एकामागोमाग दोन नमने होऊ लागली. जुने काढून टाका, असे गूगलला सांगावे लागले.

संगणकावरच्या मुक्त सॉफ्टवेअरने यातून मधला मार्ग काढला आहे. लिब्रेऑफिस काय किंवा गिंप काय, उघडताना आपली चौकट दाखवतात, पण ती नको असेल तर बंद करण्याची सोयही देतात. मोबाइलवर मात्र असा पर्याय क्वचितच मिळतो.

थांबणे सोसवते कधी?

थांबण्याच्या मानसशास्त्राचा अभ्यास स्मार्टफोनपेक्षा बराच जुना आहे. आयबीएममधले रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच यंत्राने किती वेळात उत्तर द्यावे याचा आराखडा मांडला. १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी तो तीन आकड्यांत आणला. सेकंदाच्या दहाव्या भागात काही घडले तर ते आपल्याच बोटाने घडले असे वाटते. एक सेकंद लागला तर उशीर जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे गेले की लक्ष उडते आणि माणूस दुसरीकडे वळतो. स्प्लॅश स्क्रीनचे भवितव्य या तीन आकड्यांमध्ये आहे. एका सेकंदाच्या आत उघडणाऱ्या ॲपला ती लावली, तर नुसती चमक होऊन डोळ्याला त्रास होतो. दहा सेकंद लावणाऱ्या ॲपला ती लावून भागत नाही. तिथे किती काम झाले आणि किती उरले, ते सांगावे लागते.

‘किती उरले’ हे सांगण्याचे महत्त्व ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. ते तेव्हा टोरंटो विद्यापीठात शिकत होते. टक्केवारी दाखवणारी पट्टी असेल तर लोक तीच पसंत करतात, असे त्यांना चाचणीत आढळले. त्याच वर्षी डेव्हिड मेस्टर यांनी रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिले. हात रिकामे असताना वेळ लांबतो, किती थांबायचे ते माहीत नसले की तो आणखी लांबतो, आणि का थांबायचे ते कुणी सांगितले नाही तर त्याहून लांबतो, अशी त्यांची मांडणी होती. सेतू केंद्राच्या दारात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. ‘सर्व्हर डाऊन आहे, चारनंतर या’ एवढे कळले तरी तो बाजार उरकून येतो. खिडकी नुसतीच बंद दिसली की त्याचा संताप होतो.

खेळवाल्यांनी तर थांबण्याचाच खेळ केला. नॅमको या जपानी कंपनीच्या ‘रिज रेसर’ या शर्यतीच्या खेळात मुख्य खेळ भरला जाईपर्यंत ‘गॅलॅक्सियन’ हा छोटा खेळ खेळायला मिळे. कंपनीने १९९५ मध्ये अमेरिकेत या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळाले, आणि २०१५ मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत इतरांना तसे करताना दहादा विचार करावा लागला.

पण याच अभ्यासाच्या पोटी एक निसरडी जागाही तयार झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की पट्टीवरचे पट्टे उलट्या दिशेने सरकताना दिसले तर तोच वेळ सुमारे ११ टक्क्यांनी कमी भासतो. रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन या हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये त्याहून मजेदार गोष्ट मांडली. विमानाची तिकिटे शोधणाऱ्या संकेतस्थळाने ‘आता या कंपनीची उड्डाणे पाहतो आहे, आता त्या कंपनीची’ असे दाखवत वेळ घेतला, तर लोकांना ते झटपट उत्तर देणाऱ्यापेक्षाही अधिक मोलाचे वाटू शकते. कष्ट डोळ्यांना दिसले की किंमत वाढते.

इथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. आत काम चालू असताना ते दाखवणे ही पोच आहे. काम संपले असताना ते चालू असल्याचा देखावा करणे ही फसवणूक आहे, मग तिने माणूस खूश का होईना. फोटोशॉपच्या चौकटीतली फॉन्टची ओळ पहिल्या प्रकारात बसते. तिच्यावरून ऑपरेटर काहीतरी ठरवू शकतो. तीन सेकंदांच्या गजरावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

बांधावर उभे राहून

बँकेची ॲप उघडायला वेळ घेतात, त्यालाही कारणे असतात. पडद्यावर चिन्ह दिसत असते तेव्हा आत ॲप फोनशी छेडछाड झाली आहे का ते पाहते, आपली आवृत्ती जुनी तर नाही ना ते विचारते, सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करते. यूपीआयचे खाते सिमकार्डाशी आणि फोनशी बांधलेले असते, ती गाठही शाबूत असावी लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या उलाढालीत सुरुवातीची तपासणी टाळता येणार नाही. मात्र ‘सुरक्षा तपासत आहे’ एवढी ओळ मराठीत दाखवायला अडचण कसली? नुसते चमकते चिन्ह पाहून गिऱ्हाइकाला वाटते की फोन हँग झाला. मग तो ॲप बंद करून पुन्हा उघडतो आणि सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

खरे घोडे पेंड खाते ते नेटवर्कपाशी. ॲप उघडणे आणि सर्व्हरकडून माहिती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण अनेक ॲप दोन्हींसाठी एकच पडदा लावतात. फोनचे काम दोन सेकंदांत आटोपलेले असते. पडदा मात्र सर्व्हरच्या उत्तरासाठी अडलेला. शहरातल्या फोर-जी, फाइव्ह-जीवर हे लक्षात येत नाही. माण तालुक्यात एखाद्या टेकाडाआडच्या शिवारात ते लगेच लक्षात येते.

ई-पीक पाहणीचे उदाहरण घेतले तर हा मुद्दा नीट कळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवरून करायची पद्धत सुरू झाली. त्यासाठी शेतात जावे लागते, गट क्रमांक निवडावा लागतो, पीक आणि क्षेत्र भरावे लागते आणि अक्षांश-रेखांशासह पिकाचा फोटो काढावा लागतो. म्हणजे हे ॲप उघडण्याची जागा कचेरी नाही, बाजरीचे किंवा डाळिंबाचे रान आहे. रेंज मिळाली तर मिळाली. मुदत जवळ आली की सगळीकडून एकदम नोंदी येतात, सर्व्हरवर ताण पडतो, आणि मुदतवाढीच्या बातम्या अनेकदा वाचायला मिळतात. अशा वेळी बांधावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते: अडले कुठे? आपला फोन, रेंज की सर्व्हर? फोन अडला असेल तर इतर ॲप बंद करता येतात. रेंज नसेल तर चार पावले चढावर जाता येते. सर्व्हर थकला असेल तर घरी जाऊन संध्याकाळी किंवा पहाटे पुन्हा पाहता येते. फिरणारे चक्र या तिन्हींसाठी एकसारखेच फिरत राहिले, तर माणूस तिन्ही उपाय करून दमतो.

यावर उपाय आहे आणि तो गुंतागुंतीचा नाही. ॲपने आधी उघडावे. फोनमध्ये जे आहे, म्हणजे मागच्या वेळची माहिती, कोरे रकाने, बटणे, ते लगेच दाखवावे आणि सर्व्हरचे काम मागे चालू ठेवावे. ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २०१३ मध्ये याच धर्तीवर राखाडी चौकोनांचे पान सुचवले, ज्याला स्केलेटन स्क्रीन म्हणतात. पान कसे दिसणार त्याचा सांगाडा आधी येतो आणि माहिती येईल तशी त्यात भरत जाते. फेसबुक, यूट्यूब यांमुळे हे दृश्य आता सगळ्यांच्या परिचयाचे झाले आहे. स्प्लॅश स्क्रीनचे बरेचसे काम या सांगाड्याने कधीच हिरावून घेतले आहे.

अंगठा आणि पिन

म्हसवडमध्ये या विषयाला आणखी एक अंग आहे, वाचता येण्याचे. १९९७ मध्ये चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने इथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिल्या खेपेला रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर सही करण्याऐवजी अंगठे उठवणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांनी यंत्राविना काढून दाखवावे. परवाना मिळाला. मजुरी बुडवून बँकेत येणे बायकांना परवडत नव्हते म्हणून बँकच त्यांच्या दारी आणि बाजारी गेली.

पुढे डिजिटल व्यवहार आले, तेव्हा बँकेने पिनची पद्धत आणली. बायकांना ती पटली नाही. पिन शिकवण्याची तयारी दाखवली तरी त्यांनी बोटांच्या ठशाचा आग्रह धरला. चेतना गाला-सिन्हा यांनी २०१८ च्या टेड व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. पिन कुणीही चोरून आपले पैसे काढू शकेल, आपला अंगठा कोण चोरणार, असा त्या बायकांचा युक्तिवाद होता. ज्या अंगठ्यामुळे पूर्वी परवाना अडला होता, त्याच अंगठ्यावर व्यवहार सुरू झाले.

पडद्यावर काय असावे हे ठरवताना कुणाला विचारावे, याचा हा धडा म्हसवडमध्येच मिळतो. इंग्रजीत ‘लोडिंग’ असे लिहिलेला पडदा, जिला मराठीही अडखळत वाचता येते तिला काय सांगणार? तिच्यासाठी हलत जाणारी पट्टी अक्षरांपेक्षा बरी, आणि पट्टीपेक्षाही आवाज बरा. बाजारात हातगाडीवर ठेवलेला, पैसे आल्याचे सांगणारा छोटा डबा ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असे मराठीत बोलतो, तेव्हा विक्रेतीला फोनकडे पाहावेही लागत नाही. ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनसाठी आलेल्या यूपीआय १२३-पे सेवेत तर फोन लावून, ऐकतच व्यवहार करण्याची सोय आहे. तिथे पडदाच नाही, म्हणून स्प्लॅश स्क्रीनही नाही. थांबायचे असेल तर तसे कानावर पडते. दृष्टिहीन माणूस फोन ऐकून चालवतो, त्याच्यासाठीही हेच खरे. नुसते चिन्ह झळकले की त्याच्या कानाला फक्त शांतता येते, आणि ॲप उघडतेय की मेलेय हे त्याला कळत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर सरसकट होय किंवा नाही असे देता येत नाही. मोठा प्रोग्रॅम संगणकावर दिवसातून एकदा उघडायचा असेल, तर आपण काय करतो आहोत ते सांगणारी चौकट असावी, तिच्यात कारागिरांची नावेही खुशाल असावीत. फोनवर दिवसभरात पन्नासदा उघडायच्या ॲपने पडदा लावलाच तर तो कामापुरता आणि काम संपताच जाणारा असावा. चिन्ह मिरवण्यासाठी गजर लावू नये. पडदा सर्व्हरसाठी अडवून ठेवू नये. पाचसहा सेकंदांपलीकडे जात असेल तर कशामुळे अडले ते मराठीत, जमल्यास आवाजातही, सांगावे.

हे पाळले जाते की नाही ते तपासायला वेगळी पाहणी करण्याची गरज नाही. प्ले स्टोअरवर ॲप ठेवणाऱ्या प्रत्येकाला गूगल त्याच्या ॲपचा उघडण्याचा वेळ दाखवते, तोही फोनच्या मॉडेलनुसार वेगळा काढून. हिंजवडीत किंवा मुंबईत बसलेल्या चमूने सरासरीचा आकडा पाहून समाधान मानण्याऐवजी त्या तक्त्याच्या तळाशी जावे, दोन आणि तीन जीबी रॅमच्या मॉडेलांपर्यंत. त्यांतला एक फोन विकत आणून, फोटोंनी भरून, एखादा व्हिडिओ कॉल लावून झाल्यावर आपले ॲप उघडायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे. म्हसवडच्या मोबाइल दुकानात खपणारे फोन बहुतांशी त्याच ओळींमध्ये असतात.